मॉस्कोचा २०१० सालचा उन्हाळा: एक लाट आणि दोन निकाल

२०११ साली काही महिन्यांच्या अंतराने दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. विषय एकच होता: आदल्या वर्षी पश्चिम रशियाला भाजून काढणारी उष्णतेची लाट. पहिला निबंध म्हणत होता की ही लाट मुख्यतः वातावरणाच्या स्वतःच्या लहरीपणातून आली. दुसरा म्हणत होता की हवामान तापलं नसतं तर मॉस्कोतला जुलैचा विक्रम झालाच नसता, याची शक्यता सुमारे ८० टक्के आहे. पहिला अमेरिकेच्या सागर व वातावरण प्रशासनातल्या (नोआ) रँडल डोल आणि सहकाऱ्यांचा. दुसरा जर्मनीतल्या पॉट्सडॅम हवामान संस्थेच्या स्टेफान राम्स्टॉर्फ आणि डिम कुमू यांचा. दोन्हीकडची माणसं मुरलेली, दोन्ही नियतकालिकं नावाजलेली.

मग व्हायचं तेच झालं. हवामानबदल हे थोतांड आहे असं मानणाऱ्यांनी पहिला निबंध उचलला, पुरावा हाती लागला म्हणणाऱ्यांनी दुसरा. ज्यांना कुठल्याच भानगडीत पडायचं नव्हतं त्यांनी ‘शास्त्रज्ञांचंच एकमत नाही’ म्हणून हात झटकले. ही तिसरी मंडळी संख्येने सगळ्यात मोठी असते आणि धोरणं अडतात ती बहुतेक वेळा त्यांच्यामुळेच.

टोकाच्या हवामानावरचे बहुतेक जाहीर वाद विरून जातात. पाऊस थांबतो, धूर निवळतो, लोक दुसऱ्या विषयाकडे वळतात. हा वाद तसा विरला नाही. तो बराचसा सुटला, आणि कसा सुटला हे पाहण्यासारखं आहे. वादाबाहेर काय राहून गेलं, तेही.

आधी घटना

२०१० च्या जून अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत पश्चिम रशियावर जास्त दाबाचं एक क्षेत्र ठाण मांडून बसलं. एरवी या अक्षांशावर उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि हवेच्या प्रणाली पुढे ढकलत नेतात. कधीकधी या वाऱ्यांचा प्रवाह मोठं वळण घेतो आणि त्या वळणात जास्त दाबाचं क्षेत्र अडकून पडतं. आत हवा वरून खाली उतरते, उतरताना दाबली जाऊन तापते आणि ढग धरू देत नाही. दिवसामागून दिवस स्वच्छ ऊन पडत राहतं. सुरुवातीला उन्हाची बरीच ऊर्जा मातीतल्या ओलाव्याची वाफ करण्यात खर्च होते. माती वाळली की तीच ऊर्जा हवा तापवण्यात जाते. त्या वर्षी पाऊस आधीच कमी झाला होता, त्यामुळे माती लवकर वाळली आणि लाट स्वतःच स्वतःला पोसू लागली.

२९ जुलैला मॉस्कोत पारा ३८.२ अंशांवर गेला. त्याआधीचा शहराचा उच्चांक १९२० सालचा, ३६.८ अंशांचा होता. पण एका दिवसाच्या आकड्यापेक्षा महिन्याची सरासरी जास्त बोलकी आहे. रात्र आणि दिवस धरून मॉस्कोचा जुलै नेहमीपेक्षा जवळपास ८ अंशांनी गरम गेला. संपूर्ण पश्चिम रशियाचा मोठा पट्टा घेतला तर ही तफावत ५ अंशांच्या आसपास येते. एखादा दिवस ८ अंशांनी तापणं वेगळं आणि अख्खा महिना तापणं वेगळं.

मग आगी लागल्या. मॉस्कोच्या पूर्वेला शातुरा भागात पीटच्या जमिनी आहेत. दलदलीत हजारो वर्षं साचलेला, अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर म्हणजे पीट. सोव्हिएत काळात वीजकेंद्रांना जळण हवं म्हणून या दलदली चर खणून कोरड्या केल्या गेल्या. पुढे वीजकेंद्रं दुसऱ्या इंधनावर गेली, कोरडं पीट मात्र तसंच उघडं पडून राहिलं. पीट पेटलं की ज्वाळा फारशा दिसत नाहीत. ते जमिनीखाली धुमसत राहतं, वरून पाणी मारून विझत नाही आणि धूर आठवडेच्या आठवडे येत राहतो. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात हा धूर मॉस्कोवर पसरला. हवेतल्या धूलिकणांचं प्रमाण काही दिवस दर घनमीटरला ३०० मायक्रोग्रॅमच्याही वर गेलं. त्याच सुमारास जंगलांच्या आगींत गावंच्या गावं जळाली. निझनी नोवगोरोद प्रांतातलं वेरख्नाया वेरेया हे गाव एका दिवसात राख झालं.

धान्याचं उत्पादन २००९ मध्ये सुमारे ९.७ कोटी टन होतं, ते ६.१ कोटी टनांवर आलं. १५ ऑगस्टपासून रशियाने गव्हाची निर्यात बंद केली. माणसं किती गेली, तो आकडा पुढे येईल. त्यालाही स्वतंत्र वादाची गोष्ट आहे.

अस्मानी की सुलतानी

शास्त्रज्ञांचे निबंध यायच्या आधी, धूर हवेत असतानाच भांडण सुरू झालं होतं आणि त्यात पक्ष दोनच नव्हते.

रशियाच्या सत्तेचा या विषयावरचा आधीचा सूर फारसा गंभीर नव्हता. २००३ साली मॉस्कोत भरलेल्या जागतिक हवामान परिषदेत व्लादिमीर पुतिन यांनी दोनतीन अंश तापमान वाढलं तर फरकोटांवरचा खर्च वाचेल अशी कोटी केली होती. २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष दिमित्री मेदवेदेव यांनी मात्र धुराने कोंडलेल्या राजधानीत उलटा सूर लावला. आपल्याकडे जे चाललं आहे ते जागतिक हवामानबदलाचंच लक्षण आहे आणि आपण खडबडून जागं व्हायला हवं, असं ते सांगू लागले. पर्यावरणाच्या कार्यकर्त्यांना आनंद झाला. मला हा सूरबदल इतका निर्मळ वाटत नाही. आकाशाकडे बोट दाखवलं की जमिनीवरचे हिशेब मागे पडतात.

आणि जमिनीवरचे हिशेब होते. २००६ च्या अखेरीस मंजूर झालेल्या नव्या वनकायद्याने जंगलरक्षणाची केंद्रीय व्यवस्था मोडीत निघाली होती. विमानातून आगीवर नजर ठेवणारी यंत्रणाही प्रांतांच्या गळ्यात पडली. आग ज्या प्रांताच्या हद्दीत लागली त्यानेच ती विझवायची, शेजारच्याने पाहत बसायचं, असा प्रकार झाला. सरकारच्या टीकाकारांचं म्हणणं होतं की ऊन अस्मानी असेल, आग मात्र सुलतानी आहे. या टीकाकारांपैकी काहींना हवामानबदलाची चर्चाच नकोशी झाली, कारण ती चर्चा म्हणजे सरकारला मिळालेली पळवाट आहे असं त्यांना वाटत होतं. हवामानबदलाचा उल्लेख टाळणारे सगळेच तेलकंपन्यांचे हितचिंतक नसतात, हे या प्रकरणातून मला प्रथम नीट दिसतं.

रशियाच्या हवामान खात्याचे प्रमुख अलेक्झांडर फ्रोलोव यांनी तर गेल्या हजार वर्षांत असं ऊन पडलं नव्हतं असं जाहीर केलं. हे विधान जगभर छापून आलं. पण हजार वर्षांचे तापमापक कुणाकडे आहेत? मॉस्कोच्या मोजमापांचा सलग आणि भरवशाचा इतिहास साधारण सव्वाशे वर्षांचा. त्यामागे जायचं तर बखरींवर आणि अप्रत्यक्ष खुणांवर भिस्त ठेवावी लागते. आणि बखरी काय सांगतात? चौदाव्या शतकातल्या रशियन बखरींत १३६५ आणि १३७१ साली सूर्यावर काळे डाग उघड्या डोळ्यांनी दिसल्याची नोंद आहे. ते दिसले कारण जंगलं जळून आकाशात इतका धूर साचला होता की सूर्याकडे सरळ पाहता येत होतं. म्हणजे धुराने भरलेले, कोरडे उन्हाळे रशियाला नवे नाहीत. १९७२ सालीही मॉस्कोभोवतीचं पीट जळलं होतं आणि ते आठवणारी माणसं २०१० मध्ये हयात होती. फ्रोलोव यांचं विधान अगदीच चूक होतं असं नाही. त्याच्या पाठीशी मोजमाप कमी आणि जोर जास्त होता, एवढंच. अशा विधानाने बाजू बळकट होत नाही. विरोधकाला एक जुनी नोंद काढून ते पाडता येतं आणि मग त्यासोबत खरी गोष्टही पडते.

याहून रंगीत तर्कही निघाले. एका रशियन राजकीय विश्लेषकाने अमेरिका अलास्कातल्या हार्प केंद्रातून रशियावर ‘हवामानास्त्र’ वापरत असल्याची शक्यता वर्तवली. ते केंद्र वातावरणाच्या अगदी वरच्या, विद्युतभारित थराचा रेडिओलहरींनी अभ्यास करणारं. महिनाभर हजारो किलोमीटरवर दाबाचं क्षेत्र अडकवून ठेवायला लागणारी ऊर्जा अशा केंद्राच्या आवाक्याबाहेरची आहे. यावर याहून जास्त शाई खर्च करायला नको.

पहिला निबंध नेमकं काय म्हणत होता

डोल आणि सहकाऱ्यांच्या निबंधाचं शीर्षक फार कमी लोकांनी लक्षपूर्वक वाचलं. ते प्रश्नार्थक आहे: २०१० च्या या लाटेची आधी चाहूल लागण्यासारखं काही होतं का? म्हणजे लेखकांसमोरची मूळ शंका हवामान वर्तवणाऱ्याची होती. समुद्राचं तापमान, ध्रुवीय बर्फ, हरितगृह वायू या सावकाश बदलणाऱ्या गोष्टींकडे पाहून मे महिन्यात कुणाला सांगता आलं असतं का, की जुलै असा जाणार आहे?

त्यांनी तीन गोष्टी तपासल्या. पश्चिम रशियाच्या जुलै महिन्याच्या तापमानात १८८० पासून २००९ पर्यंत लक्षणीय वाढ दिसते का? त्यांच्या मते, नाही. दाबाची क्षेत्रं अडकून बसण्याचं प्रमाण वाढलं आहे का? तसंही आढळलं नाही. आणि हवामानाची नक्कल करणाऱ्या संगणकी प्रारूपांमध्ये मानवी हस्तक्षेपाचा परिणाम घातला तर एवढी प्रचंड तफावत निर्माण होते का? तीही होत नव्हती. तेव्हा उत्तर आलं: लाटेची तीव्रता मुख्यतः वातावरणाच्या अंगभूत चढउतारांची.

इथे ‘तीव्रता’ हा शब्द कळीचा. सरासरीपेक्षा ५ अंश जास्त असलेल्या महिन्यापैकी किती अंश मानवनिर्मित तापवणुकीचे, असा हिशेब मांडला तर त्यातला मोठा वाटा त्या अडकलेल्या दाबाच्या क्षेत्राच्याच पदरात जाणार, यात शंका नाही.

याच निबंधात लेखकांनी असंही लिहिलं होतं की हरितगृह वायूंच्या वाढीमुळे हा प्रदेश अशा घटनांची शक्यता झपाट्याने वाढण्याच्या उंबरठ्यावर असू शकतो. जाहीर वादात हे वाक्य कुणीच वापरलं नाही. निबंधाच्या विरोधकांना ते सोयीचं नव्हतं आणि समर्थकांना तर मुळीच नव्हतं.

दुसरा निबंध आणि त्यातले ८० टक्के

राम्स्टॉर्फ आणि कुमू यांनी प्रारूपं बाजूला ठेवली आणि संख्याशास्त्राला हात घातला. विक्रम किती वेळा मोडला जाईल, हा त्यांचा प्रश्न. हवामान स्थिर असेल तर नव्या विक्रमांची संख्या वर्षागणिक कमी होत जाते. पहिल्या वर्षीची नोंद आपसूकच विक्रम असते, शंभराव्या वर्षी नवा विक्रम होण्याची शक्यता शंभरात एक उरते. पण सरासरी वर सरकत असेल तर विक्रम वारंवार मोडतात. किती वारंवार, हे दोन गोष्टींवर ठरतं: सरासरी किती वेगाने सरकते आहे आणि वर्षावर्षाच्या चढउतारांचा आवाका किती आहे.

मॉस्कोच्या जुलैच्या आकड्यांवर हा हिशेब चालवल्यावर त्यांना दिसलं की तापलेल्या हवामानामुळे गेल्या दशकातल्या अपेक्षित विक्रमांची संख्या सुमारे पाचपट झाली आहे. ८० टक्के हा आकडा इथून येतो. पाच विक्रम होणार असतील तर त्यातला एक स्थिर हवामानातही झालाच असता, चार नसते झाले. पाचात चार म्हणजे ८० टक्के.

बातम्यांत मात्र हा आकडा भलत्याच अर्थाने फिरला. ‘उष्णतेच्या लाटेला ८० टक्के जबाबदार हवामानबदल’ अशी समजूत पसरली, जणू त्या ८ अंशांतले साडेसहा अंश कारखान्यांच्या धुरांड्यांतून आले. निबंधात तसं काहीच नव्हतं. तो आकडा उष्णतेचा वाटा सांगत नव्हता, विक्रम होण्या न होण्याची शक्यता सांगत होता. या एका गैरसमजातून वादाला निम्मं इंधन मिळालं असेल. ८० टक्के ऐकून कान टवकारलेल्या वाचकाला डोल यांचं ‘मुख्यतः नैसर्गिक’ हे उत्तर सरळसरळ खोटं वाटणार, आणि डोल यांना मानणाऱ्याला ८० टक्के.

मापाचा खरा तंटा

दोघांच्या मधे एक खरीखुरी तफावत होती आणि ती नंतरच्या समेटाच्या कौतुकात बरीच झाकली गेली. म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो.

मॉस्कोचा जुलै विसाव्या शतकात तापत गेला की नाही? हा मताचा प्रश्न नाही. तो तापमापकाचा प्रश्न आहे आणि त्याला एकच उत्तर असायला हवं. अडचण अशी की मॉस्को हे वाढतं शहर. काँक्रीट, डांबर, घरं गरम ठेवणारी यंत्रणा, या सगळ्याने शहरातला तापमापक आसपासच्या गावांपेक्षा जास्त दाखवतो. जागतिक तापमानाचा आलेख काढताना ही शहरी ऊब वजा करणं रास्तच आहे. नासाच्या गोडार्ड संस्थेच्या आकडेवारीत ही वजाबाकी आपोआप होते.

राम्स्टॉर्फ आणि कुमू यांचा आक्षेप असा: मॉस्कोची शहरी ऊब प्रामुख्याने हिवाळ्यातली, कारण ती घरं तापवण्यातून येते. वजाबाकी मात्र वर्षाच्या सरासरीवरून ठरवलेली आणि बाराही महिन्यांना सारखीच लावलेली. म्हणजे हिवाळ्यातल्या शेकोटीचं माप जुलैच्या खात्यातून कापलं गेलं आणि जुलै तापलाच नाही असं दिसू लागलं. उपग्रहांची मोजमापंही आसपासच्या भागात जुलै तापल्याचं दाखवत होती. शिवाय १८८० पासून एकच सरळ रेष ओढली तर सत्तरच्या दशकानंतरची चढण त्या लांबलचक रेषेत बुडून जाते. त्यांनी सरळ रेषेऐवजी वळणं धरणारी रेषा वापरली.

या मुद्द्यावर मला पॉट्सडॅमच्या दोघांचं पारडं स्पष्ट जड वाटतं. तापवण्याचा खर्च जुलैत कापणं हे पटण्यासारखं नाही, आणि शतकभराची एकच रेषा ओढून अलीकडची तीस वर्षं त्यात विरघळवणंही नाही. ‘दोघंही बरोबर होते’ हे वाक्य पुढे लोकप्रिय झालं. या मापापुरतं ते खरं नाही.

ओटो यांचा आलेख

२०१२ च्या सुरुवातीला ऑक्सफर्डच्या फ्रीडरिके ओटो आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. दोन पद्धतींचा मेळ घालणं हाच त्याचा उघड हेतू होता. त्यांनी वापरलेली पद्धत मोठी गमतीची आहे. जगभरच्या स्वयंसेवकांनी आपापल्या घरच्या संगणकांचा रिकामा वेळ देऊ केला होता. त्या संगणकांवर एकच हवामान प्रारूप हजारो वेळा चालवलं गेलं, दर वेळी सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून. एक संच १९६० च्या दशकातल्या परिस्थितीचा, दुसरा २००० च्या दशकातल्या.

निघालेला आलेख डोळ्यांसमोर आणला की वाद जवळपास आपोआप सुटतो. उभ्या अक्षावर जुलैचं तापमान आहे. आडव्या अक्षावर तेवढं तापमान किती वर्षांतून एकदा अपेक्षित, ते. साठच्या दशकाची एक रेघ, २००० च्या दशकाची तिच्या थोडी वर. आता एखाद्या जागी बोट ठेवून उभं मोजा: दोन रेघांमधलं अंतर किरकोळ, त्या भल्यामोठ्या तफावतीच्या तुलनेत नगण्य म्हणावं इतकं. इथे डोल बरोबर. मग त्याच उंचीवरून बोट आडवं सरकवा: साठच्या दशकात ९९ वर्षांतून एकदा येणारी लाट २००० च्या दशकात ३३ वर्षांतून एकदा येते. इथे राम्स्टॉर्फ बरोबर. तिप्पट शक्यता म्हणजे तीनात दोन, ६७ टक्के. पद्धत पूर्णपणे वेगळी असूनही हा आकडा ८० टक्क्यांपासून फार लांब नाही.

उभं अंतर इतकं थोडं असून आडवं इतकं मोठं कसं? कारण दुर्मीळ घटनांच्या टोकाला या रेघा जवळजवळ आडव्या होत जातात. आडवी होत चाललेली रेघ जराशी वर उचलली की ती ठरावीक उंची फार आधी गाठते. उंच माणूस पाटावर उभा राहिला आणि दाराच्या चौकटीला डोकं आपटलं, तर उंचीतला पाटाचा वाटा बोटभर. पण पाट नसता तर डोकं आपटलं नसतं. ‘यात पाटाचा दोष किती टक्के’ असं विचारलं तर आधी विचारावं लागेल, उंचीत की आपटण्यात?

एकच घटना तीव्रतेच्या मापाने मुख्यतः नैसर्गिक आणि शक्यतेच्या मापाने मुख्यतः मानवनिर्मित असू शकते, हे या निबंधाने आकड्यांत दाखवलं. त्याच्या आधी हवामानशास्त्रज्ञ केविन ट्रेनबर्थ यांनी वेगळ्याच दिशेने हा तिढा सोडवू पाहिला होता. त्यांचं म्हणणं होतं की वातावरण आता सगळीकडेच अधिक उबदार आणि अधिक दमट झालेलं आहे, तेव्हा मानवी प्रभाव गृहीत धरा आणि तो नाही हे सिद्ध करण्याचा भार समोरच्यावर टाका. यात तर्क आहे, पण त्याने वाद मिटला नसता, उलट चिघळला असता. सिद्धतेचा भार कुणाच्या डोक्यावर, यावर भांडायला लोकांना आयुष्य पुरत नाही. ओटो यांनी भार कुणावरच टाकला नाही, प्रश्न दोन आहेत हे दाखवलं. पुढे एखादी आपत्ती आल्यावर काही आठवड्यांतच तिच्यातला हवामानबदलाचा वाटा मोजून जाहीर करण्याचं जे काम उभं राहिलं, त्यात ओटो आणि या निबंधाचे एक सहलेखक खेर्ट यान फान ओल्डेनबोर्ख हेच पुढे होते.

एक सावधगिरी मात्र हवी. ३३ वर्षांचा आकडा हा २००० च्या दशकातल्या हवामानाचा, एका प्रारूपातून आलेला. हवामान त्यानंतरही तापतच राहिलं. तो आकडा पाठ करून पुढची लाट २०४३ मध्ये येईल असं समजणं म्हणजे जुन्या पंचांगावरून मुहूर्त काढणं.

लांबवलेल्या साखळ्या

लाटेचे धागे लांबवर ओढण्याचा मोह अनेकांना झाला. त्याच जुलै अखेरीस पाकिस्तानात महापूर आला आणि उंचावरच्या वाऱ्यांच्या त्याच मोठ्या वळणाशी त्याचा संबंध असल्याचं अभ्यासांतून पुढे आलं. हा धागा वातावरणशास्त्रातला असल्याने तपासता तरी येतो. दुसरी साखळी अशी: रशियाची निर्यातबंदी, गव्हाचे चढलेले भाव, सप्टेंबरमध्ये मोझांबिकच्या मापुतोत पावाच्या किमतीवरून झालेली दंगल आणि मग २०११ मधले अरब देशांतले उठाव. मापुतोपर्यंत ही साखळी बऱ्यापैकी टिकते. पुढे कैरोपर्यंत नेताना मधे इतक्या कड्या येतात (दशकांची हुकूमशाही, बेकारी, पोलिसी जुलूम) की हवामानाची कडी शोधावी लागते. गव्हाची सगळ्यात मोठी आयात तेव्हा इजिप्त करत होता हे खरं, पण त्यावरून क्रांतीचं श्रेय मॉस्कोच्या उन्हाला देणं म्हणजे फ्रोलोव यांच्या हजार वर्षांसारखंच आहे.

जे वादात फारसं आलंच नाही

९ ऑगस्टला मॉस्कोच्या आरोग्य विभागाचे प्रमुख आंद्रेई सेल्त्सोव्स्की यांनी जाहीर सांगितलं की शहरात रोज ३६० ते ३८० माणसं मरतात, सध्या हा आकडा ७०० च्या आसपास आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्या आकड्यांबद्दल आश्चर्य व्यक्त करून खुलासा मागवला. म्हणजे राष्ट्राध्यक्ष आपत्तीला जागतिक हवामानबदलाचं लक्षण म्हणायला तयार होते, पण तिने रोज किती माणसं नेली हे शहराच्या अधिकाऱ्याने सांगणं मंत्रालयाला रुचत नव्हतं.

पुढच्या वर्षी आलेल्या एका युरोपीय अभ्यासाने संपूर्ण रशियातल्या मृत्यूंचा प्राथमिक अंदाज ५५,००० दिला. एकट्या मॉस्कोचा बारकाईने केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. लाटेच्या ४४ दिवसांत शहरात नेहमीपेक्षा जवळपास ११,००० जास्त मृत्यू. त्यातले बहुतेक ६५ वर्षांवरचे. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, जी मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची वाटते. ऊन आणि धूर एकत्र आल्याने दोन हजारांहून जास्त मृत्यू झाले आणि हे मृत्यू दोन्हींच्या वेगवेगळ्या परिणामांच्या बेरजेच्या वरचे आहेत. उन्हाने एकट्याने मेले असते ते वेगळे, धुराने एकट्याने ते वेगळे. हे दोन हजार दोन्ही एकाच वेळी अंगावर आल्याने गेले. घरात कोंडावं तर ऊब, खिडकी उघडावी तर धूर. ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेल्या, वातानुकूलन नसलेल्या इमारतीतल्या म्हाताऱ्या माणसाला या दोन्हींतून निवड करायची होती. शहराने धुरापासून आसरा देणारी शंभरावर थंड केंद्रं उघडली, पण तोवर ऑगस्टचा दुसरा आठवडा उजाडला होता.

आता या दोन हजारांना अस्मानीत धरायचं की सुलतानीत? ऊन वातावरणाच्या लहरीचं, ते येण्याची शक्यता हरितगृह वायूंनी तिप्पट केलेली. धूर सोव्हिएत काळात खणलेल्या चरांचा, तो पसरला वनकायद्याच्या ढिसाळपणाने. प्रत्येक कारण काढून पाहिलं तर मृत्यू कमी होतात आणि कुठल्याही एकाकडे सगळे मृत्यू देता येत नाहीत. वनकायद्यावर बोलणारे आणि हवामानबदलावर बोलणारे एकमेकांना पळवाट शोधणारे म्हणत राहिले. त्या माणसांना मात्र दोघांची कारणं एकत्रच भोवली.

लाटेनंतर मॉस्को प्रांतातल्या कोरड्या पीटच्या जमिनी पुन्हा पाण्याखाली आणण्याचं काम सरकारने हाती घेतलं. चर बुजवायचे, बांध घालायचे, पाण्याची पातळी वर आणायची आणि दलदल पुन्हा दलदल होऊ द्यायची. पुढे जर्मनीच्या साहाय्याने या कामाला शास्त्रीय जोडही मिळाली. ओली दलदल सहजासहजी पेट घेत नाही, शिवाय पीटमध्ये साठलेला कर्बही हवेत जात नाही. निर्णय झाला तेव्हा डोल यांचाही निबंध आलेला नव्हता आणि राम्स्टॉर्फ यांचाही. त्याला ८० टक्के लागले नाहीत, ३३ वर्षं लागली नाहीत. १९७२ साली तीच पीटची जमीन पेटली होती, म्हणजे हा निर्णय तेव्हाही घेता आला असता.